अजिंठ्याचा घाट आणि साडेपाच महिन्यांचा टर्बो

आखाजीला ताई माहेरी आली होती. तिला परत पोचवायला ४ मे २०२५ च्या रविवारी आम्ही भुसावळहून संभाजीनगरला निघालो. गाडीत पाच माणसं, डिकीत पापड-कुरडयांचे डबे, दोन बॅगा आणि आईनं हट्टानं कोंबलेला केळीचा अर्धा घड. फर्दापूर मागं पडलं, अजिंठ्याचा घाट लागला आणि माझ्या २०१२ च्या पेट्रोल स्विफ्टनं मान टाकली. तिसऱ्या गिअरला ओढेना, दुसऱ्याला नुसता आरडाओरडा. मागं एसटी, तिचा हॉर्न थांबेना. शेवटी एसी बंद केला, काचा खाली केल्या. बाहेरची झळ आत आली तसा भाचा म्हणाला, "मामा, गाडीला पण ऊन लागलं का?"

गाडीला दोष देण्यात अर्थ नव्हता. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेली, तिची ओढ्या-नाल्यातून काढलेली सगळी वर्षं माझ्याच हातची. पण ते वाक्य डोक्यात बसलं. त्या रात्री ताईच्या गच्चीवर मोबाईलवर शोधत बसलो आणि दोन शब्दांत अडकलो: टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर. पुढचे साडेपाच महिने त्यांच्यातच गेले. वेळ, पैसे, दोन भांडणं आणि आरटीओचे बरेच हेलपाटे. हे सगळं लिहून ठेवतोय, कारण मला तेव्हा जे वाचायला मिळालं ते सगळं थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं होतं.

माझा धंदा शीतगृहं आणि केळी पिकवायच्या चेंबरची यंत्रं दुरुस्त करण्याचा. सावदा, फैजपूर, रावेर हा रोजचा फेरा. कॉम्प्रेसर रोजच हाताखाली, त्यामुळे हवा दाबली की तापते हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही, डिस्चार्जच्या पाइपाला हात लागला की कळतं. त्या बळावर वाटलं, हे काय, आठवडाभरात ठरवून टाकू.

मूळ गोष्ट साधी आहे. इंजिनाला जास्त ताकद हवी तर जास्त पेट्रोल जाळावं लागतं, आणि जास्त पेट्रोल जाळायला जास्त हवा लागते. साधं इंजिन हवा स्वतःच्या श्वासानं ओढतं. ती हवा दाबून आत ढकलायच्या दोन तऱ्हा. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे वाया चाललेला गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबतं. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. सुपरचार्जरला धुराशी देणंघेणं नाही. तो इंजिनाच्या क्रँकवरून, म्हणजे मुख्य दांड्यावरून, पट्ट्यानं फिरतो. पाय दाबला की त्याच क्षणी हवा. पण ती फुकट नाही, पट्टा फिरवायची ताकद इंजिनाच्याच खिशातून जाते.

माझ्या स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसी, ८७ पीएस, आणि ११४ न्यूटन मीटरचा सगळा जोर मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. घाटात भरल्या गाडीनं काटा २०००-२२०० वर रेंगाळतो. म्हणजे जिथं ताकद लागते तिथं ती नाही, आणि जिथं आहे तिथं पोचायला दुसऱ्या गिअरला किंचाळावं लागतं. कागदावर पाहिलं तर हे दुखणं सुपरचार्जरनं बरं होणारं. रूट्स जातीचा सुपरचार्जर खालच्या फेऱ्यांपासून दाब देतो. (सुपरचार्जरमध्येही जाती आहेत. सेंट्रिफ्युगल जातीचा फेऱ्यांबरोबर चढत जातो, त्यामुळे तो पट्ट्यावरचा असूनही खाली फारसा कामाचा नाही. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.) तेव्हा मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सुपरचार्जर म्हणालो असतो.

आप्पांना विचारलं. आप्पा रेल्वेत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं डिझेल इंजिनावर काढली. डब्ल्यूडीएम-२, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, टर्बोवालं. ते अंगणात बाजेवर पडले होते. म्हणाले, "नॉच वाढवला की आधी काय येतं? काळा धूर. मग शिट्टी चढते. मग गाडी हलते." नॉच म्हणजे ताकद वाढवायची पायरी. ती चढवली की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल धूर होऊन आभाळात जातं. ज्याला इंटरनेटवर टर्बो लॅग म्हणतात, त्याचा धडा भुसावळच्या कुठल्याही रेल्वेवाल्याच्या घरी मिळतो. मग आप्पा कुशीवर वळत म्हणाले, "घाटात तो धूर दिसला की जिवात जीव यायचा. म्हणजे आता ओढेल."

आता उन्हाचं गणित. ते मी वहीत मांडलं, कारण मला तेवढंच येतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे रोजचं. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेत साधारण ९ टक्के कमी माल असतो, म्हणजे साधं इंजिनही उन्हाळ्यात अर्धपोटीच चालतं. त्यावर ६ पीएसआय, म्हणजे ०.४ बारचा दाब दिला. बऱ्यापैकी कार्यक्षम टर्बो धरला तरी हवा ४५ वरून ९४-९५ अंशांवर जाते. रूट्स सुपरचार्जर त्याहून तापवतो, १०० च्या पुढं. तापली की ती फुगते. म्हणजे ४० टक्के जास्त हवा घालायला गेलो आणि हाती उरली २१ टक्के. मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा ६० अंशांपर्यंत उतरवली तर ३४ टक्के हाती लागते. थोडक्यात, खान्देशात इंटरकूलर हा जादा खर्च नव्हे, तोच खरा खर्च. शिवाय गरम हवेत पेट्रोल आपल्याआप वेळेआधी पेटतं, इंजिनात टकटक सुरू होते. तिला नॉकिंग म्हणतात आणि ती पिस्टन फोडते.

अमेरिकेत १९६२ साली टर्बोवाल्या पहिल्या दोन मोटारी आल्या. त्यातली ओल्ड्समोबाइल जेटफायर चढ्या कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरात हवा जास्त दाबणारी होती. नॉकिंग थांबवायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारायचे. टाकी संपली की गाडी दाब कमी करायची. लोक टाकी भरायलाच विसरत. हे वाचून मला आमच्या चेंबरवाल्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. कूलिंग टॉवरला पाणी घाला म्हणून वर्षातून चारदा सांगावं लागतं. माझ्या स्विफ्टच्या इंजिनाचं कॉम्प्रेशनही चढंच आहे, तेव्हा टाकी विसरणारा माणूस कोण असणार हे उघड होतं.

२४ मे, शनिवार. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर ट्रकचे टर्बो उघडणारा एक मिस्तरी आहे, त्याच्याकडे गेलो. केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे आपल्या भागात टर्बोचं काम करणारे हात पुष्कळ आहेत, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच्या पत्र्याच्या टेबलावर ओळीनं सहा टर्बो उघडून ठेवले होते. त्यातला एक त्यानं माझ्या हातात दिला. हवेच्या बाजूच्या चक्राच्या पात्या उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. म्हणाला, "फिल्टर फाटला. तीन हजार किलोमीटर धूळ खाल्ली यानं." दुसऱ्याचा दांडा चिमटीत धरून हलवायला सांगितला. आडवा किंचित हलला तर चालतं, पुढंमागं हलता कामा नये. तो पुढंमागं हलत होता. आतल्या तेलाच्या भोकात कोळसा झालेला, खिळ्यानं खरवडून निघेना.

"टर्बो मरत नाही भो, त्याला मारतात," तो म्हणाला. "ड्रायव्हर ढाब्यावर येतो, चावी फिरवतो, उतरतो. तेलाचा पंप बंद. हा आत बिनतेलाचा गरगरतोय, अन् अंग लालबुंद. तिथंच तेल जळतं." ट्रकच्या टर्बोला नवा कोर, म्हणजे आतला फिरता भाग, टाकायला त्याचा भाव ९ ते १२ हजार, दुपारी टाकला तर संध्याकाळी तयार.

मग मी मोबाईलवर सुपरचार्जरचा फोटो दाखवला. जपानमध्ये सुबारूच्या ६६० सीसीच्या चिमुकल्या गाड्यांना तो कंपनीतूनच यायचा, तसला छोटा. त्यानं फोटो मोठा केला, उलटा-सुलटा केला. बाजूच्या पोरानं डोकावून विचारलं, "हाई काय शे भो?" मिस्तरी म्हणाला, "पट्ट्यावर चालतो ना? मग पिठाच्या गिरणीसारखं झालं." आणि मग थोडा गंभीर होऊन, "आतले दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरवायचे, म्हणजे गिअर अन् बेअरिंग एकदम नेमके लागतील. हे बिघडलं तर मी हात लावणार नाही. तुम्हाला पुण्या-मुंबईलाच जावं लागेल."

घरी येताना नशिराबादपाशी चहाला थांबलो तेव्हा माझा निकाल बदललेला होता. सुपरचार्जर माझ्या दुखण्याला जास्त बरा होता, पण रात्री नऊला मुक्ताईनगरच्या पुढं गाडी बंद पडली तर तो उघडणारा माणूस इथं नव्हता. टर्बोचा होता, आणि चौफुली-चौफुलीवर होता. वळण कसं येतं, आवाज कसा येतो, पाय दाबल्यावर किती क्षणांत उडी मारते, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. उघडणारा कोण, हे कुणी लिहीत नाही.

१४ जूनला गाडी घेऊन पुण्याला गेलो. इंजिनात बदल करून देणाऱ्या एका गॅरेजशी महिनाभर फोनवर बोलणं चालू होतं. नाव लिहीत नाही. त्यांनी आधी १५ हजार ॲडव्हान्स ऑनलाइन घेतले, तपासणीचे म्हणून. दिवसभर बसवून ठेवलं, संध्याकाळी कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे कुठला सिलिंडर किती दाब धरतो ते पाहिलं. तीन सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे, चौथ्याचा दीड किलोनं कमी. तो मेकॅनिक पोरगा प्रामाणिक होता. मालक फोनवर असताना हळूच म्हणाला, "काका, याच्यावर दाब देऊ नका. आधी इंजिन बांधावं लागेल."

मालकाचा अंदाज असा: टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) ट्यूनिंग आणि दणकट क्लच मिळून २ लाख ३० हजार. सुपरचार्जर हवाच असेल तर युनिट बाहेरून मागवायचं, ड्यूटी वेगळी, ब्रॅकेट इथं घडवायचे, ३ लाखांच्या पुढं आणि दहा-बारा आठवडे. इंजिन बांधायचे, म्हणजे खोलून नव्यानं जुळवायचे, ६० हजार दोन्हीत वेगळे. ब्रेकचं काय, विचारलं. "ते बघू नंतर." माझी गाडी तेव्हा अडीच लाखांना विकली गेली असती तरी नशीब. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि निघालो. शिरूरच्या पुढं पावसानं गाठलं, वायपर लावून पहाटे तीनला घरी. त्या पंधरातले सहा हजार परत मिळाले, तेही जुलैअखेर, अकरा फोन केल्यावर. तपासणीचे पैसे किती आणि परत मिळणारे किती, हे आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं.

खरं तर जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मी ७ जुलैला केलं. आरटीओत गेलो. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, इंजिनाला टर्बो बसवला तर आरसीवर नोंद कशी करायची? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सीएनजी किटची नोंद होते. मान्यता असलेलं किट, मान्यता असलेला सेंटर. टर्बोचं तसं काही नाही." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठामपणे सांगितलं, तो खटला केरळमधल्या एका गाडीचा. आणि नंतर आलेल्या कलम १८२-अ नुसार असा प्रत्येक बदल ५ हजार रुपये दंडाचा, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा, किंवा दोन्ही. बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, लोक करतात. पण तुम्ही विचारायला आलात म्हणून सांगते."

त्याच दुपारी विम्याच्या एजंटला फोन केला. त्याचं उत्तर आणखी छोटं. "न कळवता बसवला आणि अपघात झाला, तर सर्व्हेअर बोनेट उघडणारच. क्लेम विसरा. कळवलात तर कंपनी आधी आरसी मागेल." म्हणजे गोल फिरून परत त्याच काउंटरवर.

दोन दिवस कोणाशी बोललो नाही. बायको म्हणाली, तू टर्बो बसवायला निघालास की टर्बोवाली गाडी हवीय, हे एकदा ठरव. हे तिनं कुकरच्या शिट्टीकडे लक्ष ठेवून सांगितलं, आणि मला ते मे महिन्यापासून सुचलं नव्हतं.

कंपनीतूनच टर्बो आलेली गाडी. इंटरकूलर आहे, क्लच त्या मापाचा आहे, ईसीयू त्यासाठीच लिहिलेलं, ब्रेक वाढवलेले आणि आरसीवर सगळं आधीच नोंदलेलं. कारखान्यातून सुपरचार्जर घेऊन येणाऱ्या मोटारी आपल्याकडे आल्या त्या महागड्या, माझ्या वाट्याच्या नव्हेत, तेव्हा निवड तिथंच संपली. टर्बोची कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युशी यांनी १९०५ मध्ये पेटंट केली. सुपरचार्जरवाल्या मर्सिडीज १९२१ मध्येच लोकांसमोर आल्या होत्या, म्हणजे मोटारींत तोच थोरला भाऊ. तरी बाजार धाकट्यानं नेला, कारण तो वाया जाणाऱ्या धुरावर जगतो आणि कंपन्यांना मायलेजचे नियम पाळायचे असतात.

शोध पाच आठवडे चालला. नेक्सॉन पाहिल्या, पोलो जीटी पाहिल्या, आणि शेवटी बलेनो आरएस ठरली. ही मार्च २०१७ मध्ये आली आणि जानेवारी २०२० मध्ये बंद झाली, म्हणून कमी दिसते. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं, टर्बोवालं बूस्टरजेट इंजिन, १०२ पीएस, आणि माझ्या कामाचा आकडा असा की १५० न्यूटन मीटर १७०० फेऱ्यांपासून ४५०० पर्यंत. म्हणजे घाटात काटा जिथं रेंगाळतो, नेमकं तिथंच. शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक. आधीच्या गाडीपेक्षा लहान इंजिन आणि जास्त ओढ, हे आप्पांना पटवायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

शेजारच्या एका जिल्ह्यात २०१८ ची एक सापडली, ६१ हजार किलोमीटर, मालक सरकारी नोकरीत. बघायला जाताना चौफुलीवरच्या मिस्तरीला सोबत नेलं. त्याची मजुरी हजार रुपये आणि वाटेत पारोळ्याला जेवण. त्यानं गाडी गरम करून ठेवू नका असं आदल्या दिवशीच मालकाला फोनवर सांगायला लावलं. थंड इंजिन सुरू करताना तो मागं सायलेन्सरपाशी उकिडवा बसला, निळा धूर येतो का बघायला. मग हवेचा पाइप सोडवून आत बोट फिरवलं. बोटावर तेलाचा पुसट ओलावा, थेंब नाही. "एवढं असतंच." दांडा हलवून पाहिला. मग सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या आणि फक्त तेल बदलल्याच्या तारखा वाचल्या. बाकी रंग, सीट, टायर यांच्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही, ते मीच बघत बसलो. ५ लाख १५ हजारांवर सौदा झाला. २२ ऑगस्टला, पोळ्याच्या दिवशी, टोकन दिलं. घरी आई म्हणाली, बैलाच्या सणाला बैलच आणलास. स्विफ्ट यावलच्या एका ओळखीच्या शिक्षकांनी २ लाख ३५ हजारांना घेतली. चौथ्या सिलिंडरचं त्यांना आधी सांगितलं, म्हणून १५ हजार कमी आले.

आता कागद. इथं माझे सात आठवडे गेले.

कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. मालकाकडे बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ होता, पण पत्रावर तीन महिन्यांची मुदत छापलेली आणि ती २०२३ मध्येच संपलेली. बँकेनं नवं पत्र द्यायला अठरा दिवस लावले. बोजा उतरल्याशिवाय तिथल्या आरटीओची एनओसी नाही. एनओसीचा फॉर्म २८ तीन प्रतींत, प्रत्येकावर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट. कागद नंबरावर ठेवून पेन्सिल आडवी घासायची. दुसऱ्या प्रतीचा एक आकडा पुसट आला म्हणून अर्ज परत. मालक ऑफिसातून सुट्टी काढून पुन्हा गेले, हे त्यांचे उपकार. जुन्या गाडीवर प्रिंट काढायच्या आधी ती जागा रॉकेलच्या फडक्यानं पुसा.

मधल्या काळात कळलं की नवी सुरक्षा नंबरप्लेट नाही. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९. तारीख ऑनलाइन घेतली ती बारा दिवसांनंतरची मिळाली. प्लेट नसेल तर नावावर होणार नाही असं काउंटरवर स्पष्ट सांगितलं होतं, तेव्हा टोकन दिलं त्याच दिवशी तारीख घ्यायला हवी होती.

राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, तोच राहतो. एनओसी हाती आल्यावर आपल्याकडे फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. अर्ज आणि फी ऑनलाइन, स्मार्ट कार्ड आणि टपाल धरून हजाराच्या आत. बाहेरच्या एजंटनं याच कामाचे ४,५०० सांगितले होते. मला ते जमणार नाही असं नव्हतं, पण दोन दिवस कामावर पाणी सोडावं लागलं. तुमची दोन दिवसांची कमाई त्याहून जास्त असेल तर एजंट स्वस्त. विमा मात्र एजंटवर सोडू नका. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत तो आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, त्याचा फरक मला ३,२०० भरावा लागला. माझ्या स्विफ्टचा बोनस मला इकडे घेता आला, पण त्यासाठी वेगळं पत्र मागावं लागतं, आपणहून कोणी देत नाही.

दसऱ्याला गाडी दारात होती, पण माझ्या नावावर नव्हती. झेंडूची माळ घातली, आपट्याचं पान ठेवलं, चालवली नाही. १७ ऑक्टोबरला पोस्टमननं आरसी आणून दिली. लिफाफा फाडायच्या आधी मी त्यावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

चालवायच्या सवयी बदलाव्या लागल्या. महामार्गावरून आलो की तीस-चाळीस सेकंद इंजिन तसंच चालू ठेवतो, फाटकासमोर. शेजारचे काका पहिले चार दिवस विचारत होते, कोणाची वाट बघतोस? तेल कंपनी सांगते त्याच ग्रेडचं, पण मी साडेसात हजारांवर बदलणार आहे. आपल्या धुळीत एअर फिल्टरही लवकर. मायलेज १४ च्या आसपास पडतं, स्विफ्टचं १५-१६ होतं. १५०० फेऱ्यांच्या खाली ती अजूनही झोपलेली असते, चौकातून दुसऱ्या गिअरला आळसानं उचलते. तिथं सुपरचार्जर असता तर, असं दर वेळी मनात येतं आणि पुढच्या क्षणी १७०० येतात.

भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, ताईकडे निघालो. आप्पा पुढं, आई, बायको आणि लेक मागं, डिकीत फराळाचे डबे, आणि केळी होतीच. एसी चालू. फर्दापूर सोडलं. घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणावर काटा दोन हजारांवर, गिअर तिसरा. पाय थोडा दाबला आणि गाडीनं पाठीला हळूच टेका दिला. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांच्या बाजूच्या आरशात बघत होते, मान थोडी वाकडी करून, बराच वेळ. मला वाटलं मागून ट्रक येतोय.

"काय बघताय?"

"धूर नाही आला," ते म्हणाले.